आपल्या जगण्याचं पुस्तक आपणच काढू शकतो

(महासंघाच्या वार्षिक सभेत झालेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



ह्या मंचावर दरवर्षी शेळीपालन, पापड-लोणची, विमा आणि कर्जाची परतफेड ह्यावर बोलणं होतं. ह्या वेळी अध्यक्षताई मला म्हणाल्या, "तू तुझ्या पुस्तकावर बोल." मी म्हटलं, त्यात बायांच्या कामाचं काय आहे? त्या म्हणाल्या, "अगं, चहाच्या सुट्टीत सगळ्या तुला तेच तर विचारतात."

खरं आहे. तीन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. लिहायला वेळ कधी मिळाला? पैसे किती लागले? आणि तिसरा, जरा जवळ येऊन, हळू आवाजात: घरचे काही बोलले नाहीत का? आज मी तिन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. तिसऱ्याचं जरा सविस्तर, कारण पैशापेक्षा तेच जड आहे.

पुस्तक कशाचं आहे

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळशाचा पट्टा तुम्हाला माहीत आहे. वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा. त्यातल्याच एका खदानीच्या कडेला ठेक्यावरच्या मजुरांची वस्ती होती. मी तिथे वाढले. 1973 साली देशातल्या कोळसा खाणी सरकारी झाल्या. ज्यांचं नाव कायम कामगारांच्या यादीत लागलं त्यांना क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला, पगारी रजा मिळाली. ठेक्यावरच्या माणसाला ह्यातलं काही नव्हतं. माझे बाबा ठेक्यावर होते. माय रेल्वेच्या सायडिंगवर कोळशातून दगड निवडायची.

आमच्या वस्तीत तेलुगू बोलणारे होते, छत्तीसगडचे होते, बिहारचे होते. भांडण तीन भाषांत व्हायचं आणि समेट हिंदीत. सकाळी दारोदारी सिगड्या पेटायच्या. दगडी कोळसा आधी बाहेर पेटवायचा, त्याचा पिवळा धूर निघून गेला की सिगडी आत न्यायची. दुपारी भोंगा वाजला की ब्लास्टिंग. भिंती हलायच्या, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची. खदान जशी खोल जाते तसं आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिच्यात उतरतं, ते पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं. म्हणून खदानीजवळच्या विहिरी आटतात. आमची विहीर दिवाळीनंतर कोरडी पडायची आणि आम्ही पोरी हंडे घेऊन पंपाच्या पाण्यावर जायचो.

पुढे खदान वाढली आणि वस्ती उठली. माणसं पांगली. आज तिथे मोठा खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी आहे. माझ्या मुलाला मी जागा दाखवायला नेलं तर दाखवायला काही नव्हतं. पुस्तकाची गरज मला तिथे कळली.

का लिहायचं

बायांनो, खदानीतून किती टन कोळसा निघाला, किती वॅगन भरल्या, किती बारूद लागली, ह्याची नोंद रोजच्या रोज होते. माझ्या मायने इतकी वर्षं दगड निवडले, तिचं नाव होतं फक्त ठेकेदाराच्या हजेरी-वहीत. ठेकेदार गेला, वही गेली.

कायद्याचंही बघा. 1952 च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखालच्या कामावर नेण्याची बंदी होती. भूमिगत खाणीत बाईने काम करायला 2019 साली परवानगी मिळाली. त्यामुळे खदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोक्यावर दिवा लावलेला पुरुष येतो. पण जमिनीच्या वर बाया होत्याच ना! टोपल्या उचलणाऱ्या, दगड निवडणाऱ्या, कामावरून आलेल्या माणसाचे काळे कपडे धुणाऱ्या, खोकणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या. त्यांची नोंद त्यांनीच केली नाही तर दुसरं कोण करणार?

हे फक्त खदानीचं नाही. ऊसतोडीच्या कोप्यात वाढलेली, वीटभट्टीवर वाढलेली, धरणात गाव गेलेली अशी एक तरी बाई तुमच्या गटात आहे.

आणि बाईने पुस्तक छापणं ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांनी 1882 साली 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून घेतलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. लोकांनी टीका केली. जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुढे पुस्तक विसरलं गेलं. मग 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं आणि आज ते कॉलेजात शिकवलं जातं. 93 वर्षं कुठेतरी प्रत टिकून राहिली म्हणून हे झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मला तिचं काम आहे.

लिहायचं कसं

तुमच्यापैकी कितीजणी गटाची इतिवृत्त-वही लिहितात? हात वर करा. बघा, किती आहेत! बैठक कधी झाली, कोण हजर होतं, काय ठरलं, पैसे किती जमा झाले. ज्या बाईला हे लिहिता येतं, तिला आपलं लहानपण लिहिता येतं. रीत तीच: काय झालं ते लिहायचं, कोण होतं ते लिहायचं, किती ते लिहायचं.

मी एकदम "माझा जन्म अमुक साली झाला" इथून सुरुवात केली नाही. एका वहीत विषय लिहून ठेवले. पाणी. सिगडी. शाळेची पाटी. बाबांचा पगाराचा दिवस. पहिली मजुरी. पोळा. आजारपण. वस्ती उठली तो दिवस. मग एका विषयावर एक पान, आठवड्यातून तीनदा, रात्री भांडी झाल्यावर. दीड वर्षात तीन शंभरपानी वह्या भरल्या. त्यानंतर कोणतं पान आधी आणि कोणतं नंतर ते लावलं.

पान लिहिताना वस्तू लिहा. "आम्ही फार गरीब होतो" हे वाक्य कोणीही लिहील, आणि वाचणारा पुढे जाईल. त्याऐवजी शनिवारी किती रुपये हातात यायचे, त्यातले किराणावाल्याला किती, उरलेल्यात काय यायचं, ते लिहा. गरिबी वाचणाऱ्याला आपोआप समजेल. आणि आपण हसायचो कधी, तेही लिहा. वस्तीत रडणंच होतं असं नाही. आम्ही पोरी मातीच्या ढिगाऱ्यावरून पत्र्यावर बसून घसरायचो, फ्रॉक फाटायचा, मार बसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरायचो.

भाषा आपलीच ठेवा. शिकलेल्या माणसाला वही दाखवली की तो आधी आपले शब्द बदलतो. शुद्धलेखन त्याच्याकडून तपासून घ्या, शब्द बदलू देऊ नका. माय 'येचणं' म्हणायची, तर पुस्तकात मायच्या तोंडी 'येचणं'च आहे.

आता ज्या मावशींना लिहिता येत नाही, त्यांनी मान खाली घालू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्या मुलांनी उतरवून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक झालं. आज तर मोबाईल आहे. त्यात आवाज रेकॉर्ड होतो. मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, तीही सोय आहे. अक्षरं चुकतात बरीच, पण नात किंवा सून बसून दुरुस्त करू शकते. मावशीने सांगायचं, पोरीने लिहायचं. मात्र पुस्तकावर नाव मावशीचं, आणि "शब्दांकन" म्हणून पोरीचं. कोणाचंच नाव गाळायचं नाही.

घरच्यांचं काय

आता तो हळू आवाजातला प्रश्न.

'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसून त्या लिहायच्या आणि वह्या घरातल्यांपासून लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. पुस्तक 1986 साली आलं. इतक्या मोठ्या बाईला लपवावं लागलं, तर आपल्याला भीती वाटण्यात लाज कसली?

माझ्या पुस्तकात एक प्रकरण आहे, कोळशाचं. सायडिंगवर वॅगन भरताना कोळसा सांडायचा. माय तो पहाटे अंधारात गोणीत भरून आणायची. मीही जायचे. थोडा सिगडीला, बाकीचा गावात हॉटेलवाल्याला. माझी फी, दादाची फी त्यातून भरली गेली. पण कायद्याने ती चोरीच होती, आणि वस्तीतल्या बायांना पहारेकऱ्यांनी कैकदा पकडलं होतं. मायलाही एकदा दिवसभर बसवून ठेवलं होतं.

दादाला कळलं की मी हे लिहिते आहे. तो म्हणाला, "आता कुठे चार लोकांत मान आहे. माझ्या पोरीचं लग्न व्हायचं आहे. आपल्या मायला चोर म्हणून छापणार तू? आणि आपली गरिबी विकणार?" तो वाईट माणूस नाही. त्याने जे भोगलं ते त्याला झाकून ठेवायचं होतं. त्याचाही तो हक्क आहे, असं मला वाटत होतं. पण कोळसा काढून टाकला तर पुस्तकात उरतं काय? आम्ही शिकलो कसे, हेच कळणार नाही.

म्हणून मी ठरवलं, जिची गोष्ट आहे तिला विचारायचं. मायला वाचता येत नाही. मी चार रात्री तिला ते प्रकरण आणि आजूबाजूची पानं वाचून दाखवली. ती ऐकत होती, मध्येच "नाही, तवा थंडी होती" म्हणून दुरुस्त करत होती. संपल्यावर म्हणाली, "काऊन लपवते? येचला तर येचला. पोटासाठी येचला. लिव." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या पहारेकऱ्याचं नाव काढ. त्याचीबी लेकरं आहेत. अन् कधीमधी तो तोंड फिरवून उभा राहायचा, तेबी लिव."

आणि दुसरं एक पान तिने पूर्ण काढायला लावलं. ते शेजारच्या मावशीबद्दल होतं, तिच्या घरातल्या मारहाणीचं. माय म्हणाली, "थे तिचं हाय. तिले सांगायचं असन तर थे सांगन." मी ते पान काढलं. पुस्तक त्याने लहान झालं नाही.

मायकडून मी चार गोष्टी शिकले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

एक, आपल्यावर जे गुजरलं ते लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. पण जिवंत माणसाबद्दल लिहिलेलं पान, शक्य असेल तर, छापण्याआधी त्याला वाचून दाखवावं.

दोन, दुसरीची गोष्ट तिच्या होकाराशिवाय लिहायची नाही. अत्याचाराची तर नाहीच. नाव बदललं तरी गावात ओळखतात.

तीन, ज्याच्यावर आरोप येतो त्याचं नाव पुराव्याशिवाय छापायचं नाही. बदनामीचा दावा होऊ शकतो. आणि बहुतेक वेळा नाव नसलं तरी गोष्ट तेवढीच खरी राहते.

चार, घरात मार खाणारी बाई लिहीत असेल, तर वही घरात ठेवायची नाही. मैत्रिणीकडे ठेवा, गटाच्या पेटीत ठेवा. पुस्तकापेक्षा तुमचा जीव मोठा.

दादा प्रकाशनाला आला नाही. त्याने पुस्तक वाचलं की नाही, मी विचारलेलं नाही. पण त्याची पोरगी मागच्या सुट्टीत आली आणि तिने आजीला विचारलं, "आजी, अंधारात दगड कोणता अन् कोळसा कोणता, कळायचं कसं?" माय म्हणाली, "दगड जड लागते, कोळसा हलका. हातालेच समजते." आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. दादा तिथेच बसला होता. उठून गेला नाही.

पैशाचा हिशेब

आता पैसे. इथे तुम्ही सगळ्या माझ्यापेक्षा हुशार आहात, म्हणून हिशेबच मांडते.

पुस्तक छापताना 16 पानांचा एक फॉर्मा धरतात. साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पुस्तकात, म्हणजे डेमी आकारात, एका पानावर साधारण 280 ते 300 शब्द बसतात. तुमचे 30 हजार शब्द झाले तर सुमारे 110 पानं, म्हणजे 7 फॉर्मे, 112 पानं. पानं फॉर्म्यात बसवली की कागद वाया जात नाही.

खर्च चार ठिकाणी होतो: टायपिंग आणि पानं लावणं, म्हणजे डीटीपी. मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ तपासणं. मुखपृष्ठ. आणि छपाई-बांधणी. उदाहरण म्हणून आकडे धरू, तुमच्या गावाजवळचे दर वेगळे असतील. डीटीपी पानाला 40 रुपये म्हणजे 4,480. प्रूफ पानाला 15 म्हणजे 1,680. मुखपृष्ठ 3,000. छपाई 300 प्रती, प्रतीला 75 रुपये, म्हणजे 22,500. एकूण 31,660 रुपये. भागिले 300, म्हणजे एक प्रत साडेएकशेपाच रुपयांना पडली.

किंमत 180 ठेवली आणि हातोहात विकली, तर 176 प्रती विकल्या की सगळा खर्च निघाला. तेच पुस्तक दुकानातून विकायचं म्हटलं तर दुकानदाराला कमिशन द्यावं लागतं, ते तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जातं. 40 टक्के धरलं तर तुमच्या हातात 108 रुपये. म्हणजे दुकानातून जेमतेम मुद्दल निघतं. आपलं पुस्तक खपतं ते सभेत, जत्रेत, शाळेत, लग्नात आणि गटाच्या बैठकीत.

दोन तऱ्हेची छपाई असते. ऑफसेटला सुरुवातीचा प्लेटचा खर्च असतो, म्हणून जास्त प्रती काढल्या तर ती स्वस्त पडते. डिजिटलला प्लेट लागत नाही, 50-100 प्रतीही काढता येतात. पहिल्यांदा थोड्या काढा, संपल्या तर पुन्हा छापा. खाटेखाली गठ्ठे ठेवून उंदरांना घालू नका.

गटासाठी मशीन घेताना आपण तीन दरपत्रकं मागवतो ना? इथेही तीन मागवा. कागद किती जीएसएमचा, बांधणी नुसत्या गोंदाची की शिलाईची, दरात जीएसटी धरला आहे का, हे लिहून घ्या. कागद आणि बांधणीचा नमुना हातात घेऊन, उघडून, वाकवून बघा. कणा तुटत असेल तर नको म्हणा.

मी ह्यासाठी गटाचं कर्ज घेतलं नाही. शेळी विते, दूध देते, हप्ता निघतो. पुस्तक कधी विकलं जाईल ह्याचा भरवसा नसतो. मी आगाऊ नोंदणी केली. जी बाई आधी पैसे देईल तिला कमी किमतीत प्रत. पावती-पुस्तक ठेवलं, प्रत्येक रुपया लिहिला. अर्ध्याहून जास्त खर्च तिथूनच जमला. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, त्याची जाहिरात निघते, तिच्यावरही लक्ष ठेवा.

सही करण्याआधी वाचा

तुम्ही पुस्तक काढणार हे कळलं की फोन येतात. "आम्ही तुमचं पुस्तक देशभर विकू, एवढं पॅकेज भरा." पैसे तुमचे, जोखीम तुमची, आणि करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हक्क त्यांचे. सगळेच तसे नसतात, पण कागद वाचल्याशिवाय सही नको. चार प्रश्न विचारा: किती प्रती छापणार? त्या माझ्या ताब्यात किती देणार? टाइप केलेली मूळ फाईल मला मिळणार का? आणि लेखनाचा हक्क कोणाकडे?

हक्काचं हे पाठ करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत तुमचा आणि नंतर 60 वर्षं तुमच्या वारसांचा. जमिनीचा सातबारा आपण असाच कोणाच्या हातात देतो का? हेही तसंच समजा.

पुस्तकाच्या मागे जो तेरा आकडी नंबर असतो तो आयएसबीएन. ग्रंथालयांना, ऑनलाइन दुकानांना तो लागतो. भारतात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. लेखकाला स्वतःच्या नावानेही अर्ज करता येतो, आणि एजन्सी त्याची फी घेत नाही. "नंबर आणून देतो, इतके हजार द्या" असं कोणी म्हटलं तर हे त्याला सांगा.

प्रती कुठे ठेवायच्या

ताराबाईंची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. आता तिचं काम आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रकाशित करणाऱ्याने 30 दिवसांच्या आत एकेक प्रत चार मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतलं एकेक. बहुतेकांना हे ओझं वाटतं. मला तो सन्मान वाटला. ज्या बाईचं नाव हजेरी-वहीतूनही पुसलं गेलं, तिची गोष्ट देशाच्या ग्रंथालयात फळीवर आहे. पोस्टाची पावती मी मायच्या हातात दिली. तिने ती रेशनकार्डात घडी करून ठेवली आहे.

त्याशिवाय एक प्रत जिल्हा ग्रंथालयाला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, एक गावातल्या शाळेला, एक आपल्या महासंघाच्या कपाटात द्या. दहा-बारा प्रती अशा फुकट जातील. हिशेबात त्या आधीच धरा. फुकट प्रत मागणारे नातेवाईक मात्र ह्यात धरू नका. पाव्हण्यांना पहिल्याच दिवशी सांगा, किंमत 180 आहे.

आता तुमचं काम

प्रत्येकीने पुस्तक काढावं असं मी म्हणत नाही. काहींना लिहावंसं वाटणार नाही, काहींना लिहिणं झेपणार नाही, काहींना जुनं उकरायचं नसेल. ते ठीक आहे.

पण एक काम सगळ्यांना जमेल. पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जाचं काम झाल्यावर दहा मिनिटं राखून ठेवा. गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा, "तुम्ही पहिल्यांदा मजुरीला गेलात तेव्हा कोणतं काम होतं, आणि किती मिळाले?" एकीने ऐकत ऐकत लिहायचं. खाली तारीख घालायची. दर महिन्याला एक बाई, एक पान. गटात दहा-बाराजणी आहेत, वर्षभरात सगळ्या होतील. एका ग्रामसंघातल्या सगळ्या गटांनी पानं एकत्र केली की पुस्तकाएवढा मजकूर होतो. मग छपाईचा हिशेब तुम्हाला आता माहीत आहे, आणि खर्च वाटला गेला तर प्रत्येकीच्या वाट्याला फार येणार नाही.

घाई एवढ्याचसाठी की सांगणाऱ्या बाया थांबत नाहीत. आमच्या वस्तीतल्या सायडिंगवर माझ्या मायबरोबर दगड निवडणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यातल्या मी लिहायला बसले तेव्हा तिघी सापडल्या. पुस्तक छापून हातात आलं तेव्हा दोघी होत्या. तिसरीची प्रत मी तिच्या सुनेला दिली.

कोणाला दरपत्रक, अर्ज, प्रूफ ह्यात मदत लागली तर महासंघाच्या कार्यालयात निरोप ठेवा. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी मी तिथे असते. येताना वही घेऊन या. कोरी असली तरी चालेल.

जय सावित्री.